आईचें दूध विचारा, मग खोंडास वळू म्हणा

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो,

ज्वारीची खुडणी चालली असतांना आपल्या घरची म्हातारी बियाण्याचीं कणसें वेगळीं काढते. टपोऱ्या दाण्याचीं, भरदार, किडीनें न शिवलेलीं तेवढींच ती आढ्याला टांगते, आणि घरांत दाण्याची टंचाई पडली तरी त्यांना कोणास हात लावूं देत नाहीं. सुतार जुवाचें लांकूड घेतांना गांठ पाहतो, कुंभार मडकें वाजवून देतो, चांभार कातडें ओढून व उजेडाकडे धरून पाहतो. इतकी पारख ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली, त्याच घरची गाय माजावर आली म्हणजे ती पारख कोठें जाते? दावें पोराच्या हातीं दिलें जातें, आणि "गांवांत जो खोंड सांपडेल त्याला दाखवून आण," एवढेंच सांगितलें जातें. ज्वारीचें बीं एका हंगामाचें. गाईच्या पोटीं पडणारें बीं पुढच्या दहा-पंधरा वर्षांचें. पहिल्याची निवड करावी आणि दुसरें दैवावर सोडावें, ही उलटी रीत आतां बंद झाली पाहिजे.

मी शाळामास्तर. हिशेबावांचून बोलण्याची मला संवय नाहीं, म्हणून प्रथम हिशेब मांडतों. आपली एक गाय जन्मभरांत सहा-सात वेत देते. ती वाईट निघाली तर एका दावणीचें नुकसान होतें. पण ऐन उमेदीचा एक वळू वर्षाकांठीं पन्नास गाईंना पुरतो. तो तीन वर्षें गांवांत राहिला व दोनतृतीयांश गाई व्याल्या, तरी शंभर वासरें त्याचीं झालीं. प्रत्येक वासराचें अर्धें रक्त आईचें व अर्धें बापाचें. म्हणजे गांवच्या पुढच्या पिढीचा निम्मा वारसा एका जनावराच्या हातीं आपण सोंपविला. एवढी सत्ता ज्याच्या हातीं द्यावयाची त्याची चौकशी नको काय?

दुसरा हिशेब याहून जवळचा आहे. समजा, खोंड दिसावयास दांडगा, पण त्याच्या बियांत जीव नाहीं. चाळीस गाई त्याला दाखविल्या. गाय एकवीस दिवसांनीं उलटते. आपण पुन्हा दाखवितों. ती पुन्हा उलटते. तीन वेळां असें झाल्यावर मालकाच्या मनांत शंका येते, आणि तीहि गाईविषयीं! एका गाईचे त्रेसष्ट दिवस गेले. चाळीस गाईंचे दोन हजार पांचशें वीस दिवस गेले. तितके दिवस वैरण खाल्ली गेली आणि दूध व वासरूं मात्र लांबणीवर पडलें. भाकड म्हणून एखादी निर्दोष गाय बाजारांत जाते, आणि दोषी खोंड गांवांत ताठ मानेनें हिंडत असतो.

आतां गांवांत वळू होतो तरी कसा, हें पाहूं. त्याचे तीन मार्ग आहेत. एक, जो बडवावयाचा राहून गेला तो. दुसरा, जो देवाच्या नांवानें सोडला तो. नवस फेडतांना उत्तम गोऱ्हा कोणी सोडतो काय? पुष्कळदां जो औताला चालणार नाहीं तोच देवाला चालतो. तिसरा मार्ग बाजाराचा. जत्रेंत व्यापारी येतो, दावणींतला सर्वांत देखणा, सरळ पायांचा खोंड हेरतो, आणि रोख पैसा देऊन घेऊन जातो. गरजू मालकास तो पैसा सोडवत नाहीं, व त्यास दोष देण्याचा माझा हेतु नाहीं. परंतु परिणाम काय होतो तो पाहा: चांगला तो बाजारांत, उरला तो कळपांत. बियाण्याचीं कणसें विकून खावीं आणि पोचट दाणे पेरावे, तशी ही शेती झाली.

अलीकडे याला शर्यतीची जोड मिळाली आहे. सर्वोच्च न्यायालयानें ७ मे २०१४ रोजीं बैलांच्या शर्यती बंद केल्या होत्या. १६ डिसेंबर २०२१ रोजीं महाराष्ट्रांत त्यांस अटींवर परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजीं घटनापीठानें राज्याचा कायदा मान्य केला. तेव्हांपासून खिलार खोंडाला पुन्हा भाव आला. माणदेशांतील शेतकऱ्यास चार पैसे मिळत असतील तर त्यांत वाईट वाटण्याजोगें कांहींच नाहीं. पण शर्यत जिंकली एवढ्यावर त्या बैलाला वळू ठरवून त्याच्यापाशीं गाई रांगेनें उभ्या करणें, यांत मोठी चूक आहे. धांवण्याचा थोडाबहुत गुण रक्तांतून उतरतो हें खरें. परंतु त्या बैलाच्या अंगावरची तकतकी दूध, तूप, अंडीं व रोजची मेहनत यांची असते. खुराक वासरांत उतरत नाहीं. उतरतें तें रक्त. आणि त्या रक्ताची चौकशी, म्हणजे त्याची आई किती दूध देत होती, दर वर्षीं वेत होती कीं दोन-दोन वर्षें भाकड राहत होती, ही विचारपूस रांगेंतल्या एकाहि माणसानें केलेली नसते.

मग विचारतात काय? तर भोंवरा कोठें आहे, गोम कोठें आहे, शेपटीचा गोंडा कसा आहे! अमुक जागीं गोम असली तर धन्याचा घात, तमुक जागीं भोंवरा असला तर घरांत लक्ष्मी. बंधूंनो, केंस वळण घेऊन उगवले म्हणून कोणाचा घात होत नाहीं. मात्र या गोमेनें एकाचें काम नेहमीं होतें, तें म्हणजे दलालाचें. विकणाऱ्याला गोम दाखवून तो किंमत पाडतो, आणि तोच खोंड पुढच्या बाजारांत नेला कीं गोमेचें नांवहि काढीत नाहीं. कपाळावरचा भोंवरा पुढच्या पिढीच्या कासेंत दूध घालीत नाहीं, हें एकदां मनाशीं ठाम धरा.

याचा अर्थ जुनें सर्व टाकाऊ असा नव्हे. खिलार हें नांवच गुरांच्या खिल्लारावरून आलें. सातपुड्यांतले ठिलारी व माणदेशांतले गुराखी यांनीं पोथीवांचून ही जात घडविली. कोरड्या मुलुखांत कोसच्या कोस चालणारें जनावर त्यांना हवें होतें, म्हणून ते काळा टणक खूर, सरळ पाठ, घट्ट कातडी व चपळ डोळा पाहत. डांगी पावसांत टिकतो, गौळाऊ वाटेला चपळ, देवणी दुधाला व औताला दोहोंसही उपयोगी. या जाती अशाच कामावर पारखून उभ्या राहिल्या. जें लक्षण कामाशीं बांधलेलें आहे तें ठेवा. जें केवळ भीतीशीं बांधलेलें आहे तें सोडा.

आतां परीक्षा कशी करावी तें क्रमानें सांगतों.

पहिली परीक्षा आईची. खाण तशी माती, ही म्हण आपण सुनेच्या बाबतींत वापरतों. ती येथें वापरावी. खोंड दूध देत नाहीं, म्हणून त्याच्या अंगचा दुधाचा गुण डोळ्यांस दिसत नाहीं. तो त्याच्या आईंत, बहिणींत व पुढें मुलींत दिसावयाचा. म्हणून विचारा: आईचीं वेतें किती झालीं? दोन वेतांमध्यें अंतर किती? वासरें जगलीं कीं मेलीं? चारी सड नीट होते काय? धार काढतांना लाथ मारीत होती काय? औताची जात असेल तर त्याचे भाऊ जुवाखालीं कसे चालले? आणि हे प्रश्न मिशांना पीळ देऊन बसलेल्या धन्याला न विचारतां घरांतील बाईला विचारा. पहांटे उठून धार ती काढते. गाय कोणत्या दिवशीं आटली हें तिला ठाऊक असतें. बाजारांतील सौद्याच्या वेळीं तिला कोणी बोलावीत नाहीं, आणि गुरांच्या संबंधांत सर्वांत खरी माहिती तिच्याचपाशीं असते! महिन्यांतून एक दिवस सकाळ-संध्याकाळचें दूध मापानें मोजून वहींत लिहिलें, तर एका वेताच्या आठ-दहा नोंदींवरून त्या गाईची किंमत ठरवितां येते. शाळेंत जाणारें पोर घरोघर आहे. हें काम त्याच्याकडे द्या.

दुसरी परीक्षा पायांची. खोंडास कठीण जमिनीवर चालवा व बाजूनें आणि मागून पाहा. पुढच्या खुराच्या जागीं मागचा खूर पडला पाहिजे. मागचे पाय कोयत्यासारखे फार वांकलेले नकोत, तसेच खांबासारखे ताठहि नकोत. गाईवर चढतांना साऱ्या अंगाचा भार मागच्या दोन पायांवर येतो. ते अधू असतील तर बाकीचें रूप फुकट.

तिसरी परीक्षा वृषणांची. लाज बाळगूं नका. वळूचें सारें मोल येथें आहे. दोन्ही अंडें खालीं उतरलेलीं, जवळजवळ सारखीं, हातास भरीव व लवचिक लागणारीं असावीं. एकच उतरलेलें असेल तर तो खोंड कितीहि देखणा असो, वळू करूं नये, कारण हा दोष पुढच्या पिढींत उतरतो. नंतर शिंप्याच्या फितीनें सर्वांत रुंद जागीं घेर मोजावा. घेर मोठा असेल तर बीं अधिक, इतकेंच नव्हे, तर अशा वळूच्या मुली लवकर वयांत येतात असें आढळून आलें आहे. परदेशी जातींच्या पंधरा महिन्यांच्या खोंडास निदान तीस सेंटिमीटर घेर असावा असा तिकडील दंडक आहे. आपल्या जाती उशिरा वयांत येतात, म्हणून तो आंकडा जसाच्या तसा येथें लावूं नये; एकाच गांवांतले, एकाच वयाचे व एकाच चाऱ्यावर वाढलेले पांच-सहा खोंड एकमेकांशीं ताडून पाहावे. बेंबीखालचें म्यान फार लोंबतें असेल तर तें कांट्याकुट्यांत फाटतें, तेंहि पाहावें.

चौथी परीक्षा वयाची. दुधाचे दांत पडून पहिले दोन पक्के दांत साधारण दोन ते अडीच वर्षांनीं येतात. त्याआधीं खोंडास कामास लावणें म्हणजे कोवळ्या फांदीला झोका बांधणें होय. तीन वर्षांचा होईपर्यंत थांबावें, आणि पहिल्या वर्षीं थोड्याच गाई द्याव्या.

पांचवी परीक्षा स्वभावाची. माजावरच्या गाईपुढें त्यास एकदां समक्ष सोडून पाहावें. कोणी खोंड दिसावयास वाघ, पण गाईकडे पाहतहि नाहीं. कोणी चढतो, पण त्याचें अंग वांकडें असल्यामुळें काम होत नाहीं. तसाच जो माणसावर धांवून येतो तो ठेवूं नये. वळूनें मारलेल्या माणसाच्या घरीं त्याच्या वंशाचें कौतुक सांगून काय उपयोग?

सहावी परीक्षा डॉक्टराची, आणि ती टाळूं नये. बीं सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें म्हणजे त्यांतले जीव किती धांवतात व किती घडणीनें नीट आहेत हें कळतें. अमेरिकेंतील पशुप्रजननवैद्यांच्या दंडकाप्रमाणें निदान शेंकडा तीस धांवते व शेंकडा सत्तर नीट घडणीचे असावे लागतात. एका तपासणींत खोंड नापास झाला तर लगेच टाकूं नये. बैलाचें बीं तयार होण्यास सुमारें दोन महिने लागतात. आज दिसणारा दोष दोन महिन्यांपूर्वींच्या तापाचा असूं शकतो. २०२२ सालीं लम्पीची सांथ आपल्या राज्यांत घरोघर शिरली, तेव्हां किती खोंड तापानें फणफणले तें आपण पाहिलेंच. अशा आजारांतून उठलेल्या खोंडाची तपासणी साठ दिवसांनीं पुन्हा करावी.

त्याबरोबर रक्तहि तपासावें. ब्रुसेला नांवाच्या रोगानें गाई गाभ टाकतात, आणि तोच रोग कच्च्या दुधांतून व पडलेल्या गर्भाच्या स्पर्शानें माणसास होतो. मग महिनोन्‌महिने ताप येतो व जातो, सांधे धरतात, आणि रोगाचें नांव कळत नाहीं. सरकारी मोहिमेंत ब्रुसेलाची लस चार ते आठ महिन्यांच्या कालवडींस देतात. खोंडास देत नाहींत. म्हणून खोंडाचें रक्त तपासणें एवढाच मार्ग उरतो. दुसरेहि कांहीं रोग असे आहेत कीं वळूच्या अंगावर त्यांची खूण दिसत नाहीं, आणि तो एका गाईचा रोग दुसरीला वाटीत गांवभर हिंडतो.

येथें कोणी म्हणेल, "मास्तर, आतां कृत्रिम रेतन आलें, वळू हवाच कशाला?" प्रश्न रास्त आहे. १९६७ सालीं मणिभाई देसाई यांनीं उरुळीकांचन येथें संस्था काढली, आणि पुढें गोठविलेल्या रेताच्या कांड्या तिनें खेड्यापाड्यांत पोंचविल्या. ज्या ठिकाणीं तपासलेल्या वळूची कांडी वेळेवर मिळते तेथें ती अवश्य वापरावी. पण दोन गोष्टी विसरूं नका. वाड्यावस्त्यांवर माजाच्या वेळीं कांडी पोंचतेच असें नाहीं, व तेथें गांवचाच वळू उपयोगी पडतो. आणि कांडी कांहीं झाडाला लागत नाहीं. तीहि कोणत्या तरी खोंडाचीच. आपल्या देशी जातींचे खोंड आणावयाचे तर ते आपल्याच गोठ्यांतून जाणार. गोठ्यांत नोंद नसेल तर निवड करणाऱ्यानें काय पाहून निवडावें? आडांत नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार?

नव्या विद्येचीहि गोष्ट अशीच आहे. वळूची खरी कसोटी म्हणजे त्याच्या मुलींचें दूध. पण तीन वर्षांच्या खोंडाची मुलगी जन्मून, वाढून, व्याईपर्यंत आणखी चार-पांच वर्षें जातात. तोंवर वळू म्हातारा होतो. ही अडचण दूर करण्यासाठीं रक्तांतल्या किंवा केंसाच्या मुळांतल्या वारशाच्या खुणा वाचून लहानपणींच अंदाज बांधण्याची युक्ति निघाली आहे. देशी गाईंसाठीं केलेली 'गौ चिप' ५ ऑक्टोबर २०२४ रोजीं आपल्याच वाशीम येथें पंतप्रधानांच्या हस्तें जाहीर झाली. परंतु हें यंत्र ज्योतिषी नव्हे. हजारों गाईंचें मोजलेलें दूध व त्यांच्या खुणा ताडून पाहिल्यावरच त्याला अर्थ लावतां येतो. ज्या जातीच्या वह्या कोऱ्या, त्या जातीविषयीं यंत्रहि मुकें. दूध मोजण्याची वही ही आपल्या हातांतली गोष्ट आहे, आणि ती कोणी दिल्लीहून येऊन लिहिणार नाहीं.

आणखी एक इशारा. चांगला वळू मिळाला म्हणून तो आठ-दहा वर्षें ठेवूं नका. तीन-साडेतीन वर्षांत त्याच्याच मुली माजावर येऊं लागतात. बाप-मुलीच्या संबंधांतून झालेल्या वासरांत दडलेले दोष वर येतात: वासरें किरकोळ, गर्भ टिकत नाहीं, दूध घटतें. म्हणून दर तीन वर्षांनीं शेजारच्या गांवाशीं वळूची अदलाबदल करावी. त्यास पैसाहि लागत नाहीं. लागतो तो दोन गांवांचा समेट.

आणि निवडींत न उतरलेले खोंड? ते वेळींच पशुवैद्याकडून, वेदना होणार नाहीं अशा रीतीनें खच्ची करून घ्यावे. दगडानें ठेंचण्याची जुनी रीत क्रूर आहे व धोक्याचीहि. २०१५ पासून आपल्या राज्यांत बैल व वळू यांच्या कत्तलीस बंदी आहे, आणि ट्रॅक्टरामुळें बैलास गिऱ्हाईक कमी झालें. त्यामुळें नको असलेला खोंड मोकाट सुटतो व गांवच्या सर्व गाईंचा आपोआप धनी होतो. एक मोकाट खोंड दहा जणांची निवड फुकट घालवितो.

हें सर्व एकट्या घरानें होण्यासारखें नाहीं. दोन गाईंच्या मालकानें वळू पोसावा असें म्हणणें म्हणजे त्याची थट्टा होय. वळू हा पाणवठ्याप्रमाणें गांवाचा असला पाहिजे. मुंबई इलाख्यांत १९३३ सालीं गुरांच्या सुधारणेचा कायदा झाला होता. वळूस परवाना घ्यावा, व नालायक ठरेल तो खच्ची करावा, अशी त्यांत तजवीज होती. जोतीराव फुल्यांनीं तर त्याच्याहि आधीं, 'शेतकऱ्याचा असूड' लिहितांना, परदेशांतून शेळ्यामेंढ्यांचीं उत्तम बेणीं आणवावीं असें सरकारास सुचविलें होतें. बेणें हा शब्द ऊंसाला लावतात तसाच जनावराला लावावा, ही दृष्टि त्यांत आहे. सरकारानें आपलें काम करावें, त्यासाठीं आपण मागणीहि करावी. पण गांवांतला कोणता खोंड राखावा हें मुंबईंत बसून ठरणार नाहीं.

म्हणून माझी सूचना साधी आहे. बेंदूर असो कीं पोळा, त्या दिवशीं आपण बैलांस न्हाऊं घालतों, शिंगें रंगवितों, वाजत-गाजत मिरवितों. त्या सणाच्या आधीं आठ दिवस गांवांतले दोन-तीन वर्षांचे सर्व खोंड एका ठिकाणीं उभे करावे. पशुवैद्यास आधींच बोलवावें. एक फीत, एक वही, आणि धार काढणाऱ्या पांच बायांस पंच म्हणून मानाची जागा, एवढेंच सामान लागेल. पंचांत ज्याच्या गोठ्यांत एकच गाय आहे त्यासहि घ्यावें, कारण त्याची एक गाय फसली तर त्याचें सर्वस्व फसतें. शंभर गाईंच्या गांवास दोन खोंड निवडावे. त्यांच्या मालकांनीं ते विकूं नयेत म्हणून बाजारभावाच्या मानानें गांवानें वर्गणी करून त्यांस मोबदला द्यावा, व पेंडीचा खर्च घरटी वाटून घ्यावा. एका घरास तो एका उलटलेल्या गाईच्या नुकसानीहून खचित कमी येईल. बाकीचे खोंड त्याच आठवड्यांत खच्ची व्हावे.

ही गोष्ट एका वर्षांत फळणारी नाहीं. या वर्षीं निवडलेल्या खोंडाची मुलगी आपल्या दावणीला दूध देईल तेव्हां आज सातवींत असलेलें पोर घर चालवीत असेल. त्याच्या हातीं आपण कशी गाय देणार, एवढाच प्रश्न आहे. आणि त्याचें उत्तर येत्या बेंदराच्या आधीं गांवानें द्यावयाचें आहे.

आपला,
एक खेडेगांवचा शिक्षक